दीडशे प्रश्न सोडवूनही नापास: आता क्लास लावू की घरीच अभ्यास करू?

पत्र पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत काम करणाऱ्या सिस्टरचं आहे. वय ३३, माहेर सांगली जिल्ह्यातलं. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी), आणि नऊ वर्षांचा अनुभव. परदेशात, म्हणजे अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात, नर्स म्हणून नोंदणी व्हावी यासाठी त्यांनी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा दिली. आठ महिने ड्यूटी सांभाळून अभ्यास केला, जाड पुस्तकावरून सात वह्या भरून नोट्स काढल्या. परीक्षेत पूर्ण १५० प्रश्न आले आणि निकाल नापास लागला. आता एक मैत्रीण सहा महिन्यांचा ऑनलाइन क्लास सुचवते: फी ७० हजार, रोज संध्याकाळी ७ ते ९. एक एजन्सी म्हणते, क्लास फुकट देतो, पण आधी करारावर सही करा. नवरा म्हणतो, नोकरी सोड आणि सहा महिने फक्त अभ्यास कर. मुलगी पहिलीत आहे, सासूबाई घर सांभाळतात. त्या लिहितात, "माझं बेसिकच कच्चं आहे. मराठी माध्यमातून आले, त्यामुळे सगळं पहिल्यापासून वाचावं लागणार. फक्त एवढं सांगा, क्लास लावू की सेल्फ स्टडी करू?"

प्रिय सिस्टर,

मी नर्सिंग शाळेत बरीच वर्षं ट्यूटर होते, तेव्हा तुला 'तू'च म्हणते. तुझ्या प्रश्नाकडे येतेच, पण पत्रातली एक ओळ तू सहज लिहून पुढे गेलीस, तिथे मला आधी थांबायचंय. "पूर्ण १५० प्रश्न आले." तुला वाटतं, एवढे प्रश्न मिळूनही जमलं नाही म्हणजे आपण फारच मागे आहोत. मला त्या आकड्यातून वेगळंच दिसतं.

ही परीक्षा आपल्या पेपरसारखी नसते. १९९४ पासून ती संगणकावर होते आणि प्रत्येकीचा पेपर वेगळा निघतो. एक उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. असं करत संगणक तुझी पातळी शोधत राहतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात, वेळ पाच तासांचा. ही मुलगी पास होण्याच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक परीक्षा थांबवतो. जी रेषेच्या खूप खाली असते तिची परीक्षा ८५ व्या प्रश्नालाच संपू शकते. तुझ्या बाबतीत शेवटच्या प्रश्नापर्यंत त्याला खात्रीच पटली नाही. म्हणजे तू त्या रेषेच्या अगदी जवळ होतीस, आणि शेवटी थोडी खालच्या बाजूला राहिलीस.

बेसिक कच्चं असलेली मुलगी तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून 'सगळं पहिल्यापासून' हा विचार आधी बाजूला ठेव. तो नम्रपणाचा वाटतो, पण तुला पुन्हा आठ महिने त्याच वाटेवर नेईल.

आता तो कागद काढ. नापास झालेल्या प्रत्येकीला निकालाबरोबर एक रिपोर्ट मिळतो. त्यात एकेका विभागापुढे लिहिलेलं असतं, की तू पास होण्याच्या पातळीच्या वर आहेस, जवळपास आहेस की खाली आहेस. पत्रात त्याचा उल्लेखही नाही. माझा अंदाज आहे की तू तो एकदा वाचलास, रडलीस आणि कपाटात ठेवून दिलास. साहजिक आहे. पण ७० हजारांचा क्लास तुला जे सांगू शकणार नाही, ते त्या एका कागदावर आहे. पेशंटचे रिपोर्ट न बघता औषध सुरू करायचं नाही, हे तुला मी सांगायची गरज नाही.

मग चुकलं कुठे? मला वाटतं, सात वह्यांमध्ये. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण वह्या भरण्याची सवय आम्हीच तुम्हाला लावली. डेफिनिशन, कॉजेस, साइन्स अँड सिम्प्टम्स, नर्सिंग मॅनेजमेंट. दहा मार्कांचा प्रश्न आला की याच क्रमाने लिहायचं. पान भरलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले होते. तुझ्या नोट्स म्हणजे पुन्हा वाचणंच, फक्त हातात पेन घेऊन. त्या लिहिताना सगळं येतंय असं वाटत होतं ना? ते खोटं नव्हतं. ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं होतं.

आणि ही परीक्षा 'तुला काय माहीत आहे' एवढंच विचारून थांबत नाही. ती विचारते, 'आत्ता, सगळ्यात आधी, तू काय करशील?' एक प्रश्न घालते, तो सोडवून बघ. ड्यूटीवर आलीस, हँडओव्हर झाला, चार पेशंट आहेत. पहिल्याचं पोटाचं ऑपरेशन परवा झालंय, दुखणं दहापैकी आठ. दुसरे सीओपीडीचे (फुफ्फुसांचा जुना, श्वास लागण्याचा आजार) आजोबा, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९०. तिसऱ्या बाईंचं थायरॉइडचं ऑपरेशन काल झालंय, त्या म्हणतात ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतायत. चौथ्याची उपाशीपोटीची साखर २२०. आधी कोणाकडे जाशील?

आपल्या वॉर्डात जो कळवळतोय त्याच्याकडे आपण आधी जातो, कारण त्याचे चार नातेवाईक काउंटरवर येऊन उभे असतात. किंवा ९० आकडा बघून ऑक्सिजनकडे धाव घेतो. पण सीओपीडीमध्ये ९० अपेक्षित आहे. दुसऱ्या दिवशी पोट दुखणंही अपेक्षित आहे. मुंग्या अपेक्षित नाहीत. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, आणि त्यानंतर घशाचे स्नायू आवळून श्वास अडकू शकतो. कुरकुर न करता पडून असलेल्या त्या बाईंकडे आधी जायचं. यातलं एकही वाक्य तुला नवं नाही, कुठल्या तरी वहीत हे सगळं असणार. फक्त चार पेशंट शेजारी शेजारी ठेवून निवड करण्याची सवय त्या वहीने लावली नाही.

तुझा नऊ वर्षांचा अनुभव इथे दोन्ही बाजूंनी काम करतो. गरोदरपणातले झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेल्या बाईचे गुडघ्याचे रिफ्लेक्स आणि श्वास का मोजायचे, त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी का ठेवायचं, हे तुला पाठ करावं लागणार नाही. पण आपल्या वॉर्डाच्या काही सवयी परीक्षेत उलट्या पडतात. रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजू लागली, तर आपला पहिला विचार 'डॉक्टरांना कळवू' असा येतो. तिथलं उत्तर आहे, आधी रक्त थांबव. मग नवा सेट लावून सलाईनवर व्हेन चालू ठेव आणि मग कळव. जे नर्सच्या हातात आहे ते आधी, फोन नंतर. मुलगा सांगतो, "आईला कॅन्सर आहे हे कळू देऊ नका," आणि आपण कळू देत नाही. परीक्षेत माहितीचा हक्क पेशंटचा असतो, मुलाचा नाही. नव्या पेशंटचं पहिलं असेसमेंट, घरी सोडताना समजावून सांगणं आणि दिलेल्या उपचाराचा परिणाम तपासणं, ही कामं तिथली रजिस्टर्ड नर्स मदतनीसावर सोपवत नाही. आपल्याकडे गर्दीत यातलं बरंच काही मावशी, वॉर्डबॉय आणि नातेवाईकांवर जातं. 'मॅनेजमेंट ऑफ केअर' नावाचा जो विभाग आहे तो याच गोष्टींचा, आणि सगळ्या विभागांमध्ये त्याचाच वाटा मोठा: १५ ते २१ टक्के. त्या खालोखाल औषधांचा विभाग. तुझ्या रिपोर्टमध्ये या पहिल्या विभागापुढे काय लिहिलंय ते बघ. तिथे 'खाली' असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि त्याचा तुझ्या मराठी माध्यमाशी काही संबंध नसेल.

तेव्हा, क्लास की सेल्फ स्टडी? मी प्रश्न थोडा बदलते. प्रश्न चुकल्यानंतरच्या दहा मिनिटांत तू काय करतेस? बहुतेक मुली बरोबर उत्तर वाचतात, 'अरे हो' म्हणतात आणि पुढे जातात. त्या दहा मिनिटांत ज्या व्यवस्थेमुळे तू नीट थांबशील, ती व्यवस्था तुझी, मग तो क्लास असो की घरचं टेबल.

त्यासाठी आठवी वही कर, पण नोट्सची नव्हे, चुकांची. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तीनच ओळी लिही: मी काय निवडलं, ते निवडताना माझ्या मनात काय होतं, आणि प्रश्नातला कुठला शब्द माझ्याकडून सुटला. समासात एक अक्षर टाक. माहीतच नव्हतं तर 'म'. घाईत वाचलं तर 'घ'. आपल्या वॉर्डाच्या सवयीने उत्तर दिलं तर 'व'. दोन आठवड्यांनी अक्षरं मोज. 'म' जास्त असतील तर त्या विषयापुरतं पुस्तक उघड. 'घ' जास्त असतील तर प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लाव. तुझ्याकडे 'व' जास्त निघतील असं मला वाटतं, आणि त्यावर पुस्तक वाचून उपयोग नाही. तिथे भरपूर प्रश्नच सोडवावे लागतात, तेही नव्या स्वरूपाचे. एकाच पेशंटची हकिगत उलगडत जाते आणि त्यावर सहा प्रश्न येतात: यातल्या कुठल्या खुणा महत्त्वाच्या, त्यांचा अर्थ काय, सगळ्यात मोठा धोका कोणता, उपाय कोणते, आधी काय करशील, आणि केल्याचा उपयोग झाला हे कशावरून ओळखशील. आयसीयूत तू रोज रात्री हेच करतेस, फक्त ते मनातल्या मनात चालतं.

'जे जे बरोबर ते सगळे निवडा' या प्रकाराची भीती तुझ्या पत्रात दोनदा आली आहे. आता त्यात थोडं बरोबर असेल तर थोडे गुण मिळतात. मात्र चुकीचा पर्याय निवडला तर मिळालेल्यातले कापले जातात, शून्याच्या खाली मात्र जात नाहीत. त्यामुळे प्रत्येक पर्याय एकटा वाच आणि 'हे खरं की खोटं' एवढंच स्वतःला विचार. खात्री नसताना सगळ्यांवर खुणा करू नकोस.

इंग्रजीबद्दल. या परीक्षेची भाषा मुद्दाम साधी ठेवलेली असते. प्रश्न वाचून झाला की मनात मराठीत विचार, "म्हणजे हे विचारतायत काय?" आणि मराठीतच उत्तर दे, मग पर्याय बघ. माझ्या हाताखालून गेलेल्या अनेक मुलींना हे करताना अपराधी वाटायचं. तुला वाटू देऊ नकोस, पेशंटचा विचार ज्या भाषेत नीट होतो ती भाषा चांगली. नावांची यादी मात्र वेगळी करावी लागेल. आपण पॅरासिटामॉल म्हणतो ते तिथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. अशी पंचवीस-तीस नावं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटव. मुलगीही वाचेल तुझ्याबरोबर.

आता ७० हजारांचं. क्लास वाईट नसतात. काही जणी एकट्या अभ्यासाला बसूच शकत नाहीत, त्यांना ठरलेली वेळ आणि समोर माणूस लागतो. ज्यांचं शिक्षण होऊन दहा-बारा वर्षं झाली, आणि मधली वर्षं एकाच विभागात किंवा घरी गेली, त्यांनाही विषयांची उजळणी करून देणारा क्लास उपयोगी पडतो. पण तुझं ड्यूटीचं कोष्टक डोळ्यांसमोर आण. संध्याकाळी ७ ते ९ म्हणजे इव्हिनिंगचा आठवडा गेला. नाइटच्या आठवड्यात त्या वेळेला तू निघायच्या तयारीत असतेस. उरले मॉर्निंगचे दिवस, आणि त्या वेळी मुलीचं जेवण असतं. मग रेकॉर्डिंग साठत जाईल आणि ती तुझी नववी वही होईल. तरीही मन ओढ घेत असेल तर पैसे भरण्याआधी एक तास फुकट बसू द्या म्हण. शिकवणारी व्यक्ती स्लाइड वाचून दाखवते, की प्रश्न टाकून तुम्हाला बोलायला लावते आणि 'हा पर्याय का नाही' हे विचारते, एवढंच बघ. पहिला प्रकार असेल तर लावू नकोस.

मी तुझ्या जागी असते तर एखाद्या चांगल्या प्रश्नसंचाचं तीन महिन्यांचं सभासदत्व घेतलं असतं आणि सोबत एक जोडीदार शोधली असती. तुझ्याच रुग्णालयात कोणीतरी ही परीक्षा देत असणार, फक्त नापास व्हायच्या भीतीने बोलत नसणार. आठवड्यातून एकदा तासभर फोनवर दहा चुकलेले प्रश्न एकमेकींना समजावून सांगा. जे समजावताना तू अडखळशील, तेच तुझं खरं कच्चं.

एजन्सीच्या फुकट क्लासबाबत मी कडक बोलणार आहे. करार पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. किती वर्षं कोणाकडे काम करायचं, मधेच सोडलं तर किती रक्कम भरायची, व्हिसा लांबला तर काय, आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे राहणार, एवढ्या चार गोष्टी लेखी हव्यात. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत. घरातल्या कोणाच्या ओळखीचा वकील असेल तर त्याला दाखव, त्याची फी क्लासपेक्षा कमीच होईल.

आणि नोकरी सोडू नकोस. तुझ्या यजमानांचा हेतू चांगला आहे, त्यांना तुझी ओढाताण बघवत नाही. पण तू अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया असं लिहिलं आहेस. भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिकेच्या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची आहे. परीक्षा पास झालं की विमानात बसलं, असं होत नाही. ऑस्ट्रेलियासाठी एनक्लेक्सनंतर तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, तोही खर्च आहेच. या सगळ्या काळात तुझा पगार लागेल, आणि सुटलेला अनुभव अर्जात दिसतो. शिवाय दिवसभर घरी असलेल्या बाईला अभ्यासाला वेळ मिळतो, हे मी फार कमी घरांमध्ये पाहिलंय. पाहुणे, दूध, गॅस, शाळेची मीटिंग, सगळं तिच्याकडे येतं. त्यापेक्षा यजमानांना सांग, की नोकरी सोडण्याएवढा आधार द्यायची तयारी आहे तर रोजचा दीड तास दे. त्या दीड तासात मुलगी त्यांची, फोन त्यांचा, दारावरची बेल त्यांची. इनचार्ज सिस्टरनाही विश्वासात घे. परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत नाइट लागू नये, एवढं त्या करू शकतील.

पुन्हा परीक्षा द्यायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. तू ४५ व्या दिवसाच्या मागे लागू नकोस, तीन महिने धर. परीक्षेचे २०० डॉलर आणि भारतातल्या केंद्राचे वरचे १५० डॉलर पुन्हा भरायचेत, तेव्हा घाईची किंमत मोठी आहे. मॉर्निंगच्या दिवसांत ३० प्रश्न आणि त्यांची चिरफाड. सुट्टीच्या दिवशी सलग ८५, घड्याळ लावून, मागे न जाता, कारण परीक्षेतही मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. नाइटच्या आठवड्यात नवीन काही नको. सकाळी घरी येऊन झोप, उठल्यावर फक्त चुकांची वही चाळ. झोपेविना सोडवलेले प्रश्न चुकतात आणि आपण मूर्ख आहोत असं वाटायला लागतं, म्हणून हे आवर्जून सांगते.

पहिल्यांदाच परीक्षा देणाऱ्या ज्या कोणी हे वाचत असतील, त्यांच्याकडे रिपोर्ट नसणार. त्यांनी परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारा टेस्ट प्लॅन (कुठल्या विभागाला किती वाटा याचा आराखडा) आधी वाचावा, सगळ्या विभागांचे मिश्र १०० प्रश्न कुठलीही तयारी न करता सोडवावेत, आणि त्या चुका मोजून मग पुस्तक विकत घ्यायचं की क्लास लावायचा ते ठरवावं.

सिस्टर, त्या सात वह्या रद्दीत टाकू नकोस. एखादा प्रश्न चुकला आणि समासात 'म' पडला, की त्या विषयाचं पान तुझ्याच अक्षरात तयार आहे, ते उघड. बाकीची पानं मिटलेली राहू देत. आणि रिपोर्टमध्ये कुठल्या विभागांपुढे 'खाली' लिहिलंय ते मला पुढच्या पत्रात कळव, त्या विभागांबद्दल आपण सविस्तर बोलू.

तुझी,
ताई